तीन तारांची पंगत

पियानोच्या धंद्यात मी बत्तीस वर्षं काढली आणि मला पियानो वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर अंकात नाव वाचून ओळखीतलं कोणीतरी मुलीच्या साखरपुड्याला वाजवायला बोलावेल आणि माझी पंचाईत होईल. मी वाद्य तयार करून ठेवणारा माणूस. सूर लावायचे, तुटलेली तार बदलायची, कसर लागलेलं फेल्ट काढून नवं चिकटवायचं, आणि वाजवणारा आला की हात पुसून बाजूला व्हायचं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लोकांना वाटतात त्याहून जास्त पियानो आहेत. त्यातले निम्मे फोटो ठेवायला आहेत, पण आहेत.

या धंद्यातलं एक काम असं आहे की ते केलं की नाही, हे गिऱ्हाइकाला दिसतच नाही. ते म्हणजे तारांची उंची सारखी करणं. मला सगळ्यात आवडायचं ते हेच, आणि लिहायला बसलोय तेही त्याच्याबद्दलच. पण त्यात शालन येणारच. शालन माझी बायको. ती जाऊन दोन वर्षं झाली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने माझ्याकडे एक मागणं केलं होतं, की तू ठीक केलेला पियानो मला एकदा ऐकव. दागिना नाही, महाबळेश्वर नाही, एवढंच. ते मी तिला एकतीस वर्षांनी दिलं. मधल्या काळात मी काय करत होतो, त्याचा हा जबाब समजा.

आधी काम समजून घ्या, सोपं आहे. पियानोची पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडी उडते आणि तारेवर आपटते. हातोडीच्या डोक्यावर लोकरीचं घट्ट फेल्ट असतं. अगदी खालच्या, जाड्या सुरांना एकेकच तार असते, मग दोन-दोन, आणि तिथून वर प्रत्येक सुराला तीन तारा. म्हणजे तुम्हाला एक सूर ऐकू येतो तेव्हा आत तीन तारा एकदम बोलत असतात. त्या एकदम बोलायच्या तर हातोडी तिघींना एकाच क्षणी लागली पाहिजे. एखादी केसभर वर राहिली, तर हातोडी दोघींना धड लागते आणि तिसरीला नुसती चाटून येते. सूर निघतो, पण फाटका. ऐकणाऱ्याला काय बिघडलंय ते कळत नाही, तो म्हणतो पियानो म्हातारा झाला.

आडवा पियानो असतो, ज्याला ग्रँड म्हणतात, त्यात हातोडी खालून वर येते. ती हाताने उचलून तिन्ही तारांना हलकेच टेकवून धरायची आणि वरून नखाने एकेक तार छेडायची. हातोडी टेकलेली असेल ती तार गप्प राहते. जी बोलली, तिच्यापर्यंत हातोडी पोचलेली नाही. म्हणजे इथे गप्प ती ठीक आणि बोलली ती बिघडलेली. मग पोलादी आकडा घ्यायचा. बोलणाऱ्या तारेला खाली दाबायचं नसतं. बाकीच्या दोघींना आकड्याने वर ओढून तिच्या बरोबरीला आणायचं. ओढल्यावर त्यांचा सूर उतरतो, तो परत लावायचा. एका सुराला पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर एखादी बया परत आपल्या जागी गेलेली असते.

हे मला शिकवलं ऑगी मास्तरांनी. मरोळच्या गावठाणात त्यांची शेड होती. मी मूळचा सुतार. वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करत होतो. मास्तरांच्या शेडचं दार बसवायला गेलो आणि तिथेच राहिलो. मास्तर कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते टोचून. पहिल्याच महिन्यात मी एक घोडचूक केली. एका सुराच्या तारा खालीवर होत्या. त्या तशाच ठेवून मी हातोडीचं फेल्टच पॉलिशपेपरने घासलं, तारांच्या मापाने उतरतं करून टाकलं. सूर झकास निघाला, मी खूश. मास्तरांनी हातोडी काढून डोळ्यासमोर धरली.

"वसंत, पाय वाकडा होता म्हणून तू चप्पल कापलीस," ते म्हणाले. "आता मी पाय सरळ करतो. ही चप्पल कोण घालणार, तू?"

तो अपमान मी घरी घेऊन आलो. मी आणि शालन भांडुपला एकाच चाळीत वाढलेलो, त्यामुळे ती मला अहो-जाहो करायची ते फक्त माझ्या आईसमोर. औषधांच्या कारखान्यात ती बाटल्यांना लेबलं लावायची, आठ तास उभ्याने, आणि घरी येऊन परत उभ्याने भाकऱ्या. मी ओट्यावर माचिसच्या तीन काड्या मांडून तिला तारांची भानगड समजावून सांगायला लागलो.

"म्हणजे पंगतीत वाढणारा येऊन गेला आणि एकीच्या पानात पडलंच नाही," ती म्हणाली.

"हां, तसंच."

"आणि उपाशी राहिली तीच बोंबलते."

"तीच बोलते, बाकीच्या गप्प."

"मग दे ना तिला दाबून खाली, नीट बसेल ओळीत."

"तिला नाही दाबायचं. बाकीच्या दोघींना वर उचलायचं, तिच्यापर्यंत."

भाकरी थापता थापता ती थांबली. "मग ती उपाशी नाय रे, ती रुसलीय. रुसलेल्याला कोण ओढून आणतं काय? बाकीच्यांनी उठून तिच्यापाशी जायचं."

दुसऱ्या दिवशी मी हे शेडमध्ये सांगितलं. मास्तर हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या कामाचं नाव पंगत पडलं. "मधलं सप्तक झालं का?" असं न विचारता मास्तर विचारायचे, "पंगत बसली का रे?" इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. ते मी नंतर पुस्तकात वाचलं आणि मला ते बेचव वाटलं.

शालनला हे सांगितल्यावर ती आधी खूश झाली आणि मग तिने ते मागणं केलं. "नाव मी ठेवलं आणि मीच ऐकलं नाय. एकदा ऐकव ना मला."

"ऐकवतो की," मी म्हटलं. "एखादा चांगला तयार होऊ दे."

त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. शेडमध्ये पियानो यायचे ते हाडं मोडून आलेले, आणि नीट झाले की गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. आमच्या चाळीच्या खोलीत पियानो ठेवायचा तर आम्हाला गॅलरीत झोपावं लागलं असतं. आणि लोकांच्या घरी कामाला जाताना बायकोला बरोबर कसं नेणार? प्लंबर नेतो का? असं मी तिला विचारायचो, आणि ती म्हणायची, प्लंबरच्या बायकोला नळ असतो घरी.

पहिली संधी आली ती मुलुंडच्या साठेकाकूंमुळे. त्यांच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा छोटा ग्रँड होता. घरात कोणी वाजवत नसे, पण दसऱ्याला त्याची साग्रसंगीत पूजा व्हायची. मला बोलावलं ते "आतून कोणीतरी दात खातंय" म्हणून. झाकण उघडून पाहतो तर तारांवर हळदकुंकू, मधे झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि खालच्या लाकडी फळीवर मूठभर अक्षता. पट्टी दाबली की ते तांदूळ आत नाचायचे. चिमट्याने मी एकेक दाणा वेचायला लागलो, आणि काकू वाटी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"टाकू नका हां, पूजेतले आहेत. तुळशीत घालते."

"काकू, पुढच्या वर्षी पूजा झाकणावर करा."

"झाकणाला कशाला? वाजतं ते आतलं ना? मग हळदकुंकू आतल्यालाच."

मी दाणे वेचत राहिलो. बोलता बोलता त्यांनी घरी कोण कोण असतं विचारलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला पाठवा म्हणाल्या. त्यांची भाची येणार होती, ती थोडं वाजवायची. शालनने कारखान्यात पाळी बदलून घेतली. साडीला इस्त्री करून आणली. आदल्या दिवशी मी पियानो तपासायला गेलो आणि मधल्या दोन सप्तकांत वीसेक सुरांची पंगत बिघडलेली निघाली. एका दिवसात ते होणार नव्हतं.

"हा नको," मी घरी येऊन सांगितलं. "पुढच्या वर्षी जाऊ. तू पहिल्यांदा ऐकणार आणि असलं फाटकं ऐकणार?"

"काकूंच्या भाचीला चालतं ना?"

"तिला कळत नाही."

"मग मला कळणार होतं?" असं म्हणून तिने साडीची घडी घातली.

पुढच्या वर्षी ती इमारतच पाडायला निघाली. काकू ठाण्याला गेल्या आणि त्यांचा पियानो कोणी नेला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरी संधी घाटकोपरच्या एका सभागृहातली. तिथला ग्रँड माझ्याकडे देखभालीला होता. बाहेर शिकून आलेल्या एका वादकबाईंचा कार्यक्रम होता, साडेसहाचा, आणि मला दोन पास मिळाले होते. आठवडाभर आधीच मी सगळी पंगत लावून ठेवली. शालनला दुपारीच बरोबर घेऊन गेलो. ती चौथ्या रांगेत बसली, पर्स मांडीवर घेऊन, कार्यक्रमाला साडेतीन तास असताना.

तीन वाजता बाईंनी हात फिरवून पाहिला आणि एका सुरावर थांबल्या. पियानोला खाली डावीकडे एक पेडल असतं. ते दाबलं की हातोड्यांची सगळी रांग जराशी सरकते आणि हातोडी तीनऐवजी दोनच तारांना लागते, म्हणजे आवाज मऊ येतो. तसं केलं की तो एक सूर नाकात बोलत होता. "वसंतराव, हा सूर माझ्या वाजवण्यात सारखा येतो हो," बाई म्हणाल्या. बघतो तर मीच पंधरवड्यापूर्वी बसवलेली नवी तार, तिचं वळण अजून बसलं नव्हतं. पिशवी उघडली. आकडा नाही. सकाळी मोरीची जाळी तुंबली होती, ती मी त्या आकड्याने उचकटली होती आणि धुऊन खिडकीच्या खिळ्याला लावून ठेवला होता. छत्रीच्या काडीचा आकडा करून पाहिला. काडी वाकली, तार हलली नाही. वाट लागली होती, आणि ती माझ्या चेहऱ्यावर दिसली असणार, कारण शालन उठून पुढे आली.

"खिडकीजवळचा ना? मी आणते."

रिक्षाने भांडुपला जाऊन ती परत आली तेव्हा सव्वासहा वाजले होते. रस्ता कुठेतरी खणून ठेवलेला, तिथे ती तासभर अडकली होती. मंचामागच्या दारात तिने रुमालात गुंडाळलेला आकडा माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि आत पळालो, तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. घंटा होईपर्यंत पंगत बसली, सूर लागला, बाईंनी मान डोलावली. कार्यक्रम सुरू झाल्यावर मी पडद्याच्या फटीतून चौथ्या रांगेकडे पाहिलं. तिची खुर्ची रिकामी होती. दोन्ही पास माझ्या शर्टाच्या खिशात होते, आणि दारावरच्या माणसाने तिला पासशिवाय आत सोडलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर पायऱ्यांवर बसलेली सापडली.

"ऐकू आलं काही?"

"टाळ्या आल्या," ती म्हणाली. "चांगल्या वाजल्या. तुझा सूर लागला असणार."

तिने चिडायला हवं होतं. ती चिडली असती तर मी दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून तिला ऐकवलं असतं. ती चिडली नाही आणि मी परत कामाला लागलो. मग वर्षं गेली. मास्तर गेले, शेड गेली, मी पिशवी घेऊन घरोघर फिरायला लागलो. कधी पियानो नीट नसायचा, कधी पियानो नीट असायचा पण गिऱ्हाईक नीट नसायचं. आमच्याकडे कार्य असलं की पाहुण्यांच्या पंगती आधी उठतात आणि घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर अळूची भाजी संपलेली असते आणि वरण गार झालेलं असतं, पण त्याचं कोणाला काही वाटत नाही, कारण घरची म्हणजे आपलीच. मी शालनला एकतीस वर्षं त्या शेवटच्या पंगतीला बसवलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं, आणि आता कळून कोणाला सांगू?

शेवटी अंधेरीला एक काम आलं. पियानो शिकवणाऱ्या एक बाई वारल्या होत्या. त्यांचा भाचा परदेशात. फ्लॅट विकला गेला होता, सामान निघून गेलं होतं, फक्त ग्रँड उरला होता. तो एका शाळेला द्यायचा ठरलं होतं, त्याआधी नीट करा म्हणून भाच्याचा फोन आला. किल्ली वॉचमनकडे, मुदत चार दिवसांची, पाचव्या दिवशी सकाळी उचलायला माणसं येणार. रिकामं घर, कोणी मधे बोलणारं नाही. मी खालपासून वरपर्यंत एकेक सूर घेतला. एवढं मन लावून मी क्वचित काम केलं असेल. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची हातोडी टेकवली, तारा छेडल्या, तिन्ही गप्प. पंगत पूर्ण बसली होती. मी शालनला फोन केला.

"अंधेरीला ये. घाटकोपरहून मेट्रो घे."

"काय झालं रे?"

"काही नाही. पियानो तयार आहे."

फोनवर कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "निघते."

दीड तासाने ती आली, मंगळवारच्या दुपारी, ठेवणीतली साडी नेसून. पियानोचं स्टूल सोडलं तर घरात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, ती मी पुसून तिला दिली. पण ती आधी पियानोवर वाकून आत बघत राहिली. "ह्याच काय त्या तिघी-तिघी," ती म्हणाली. "किती आहेत गं बाई." मग ती खुर्चीवर बसली आणि मी मधला एक सूर वाजवला. पट्टी दाबून धरली. तो सूर त्या रिकाम्या घरात भरला आणि हळूहळू विरत गेला. ती डोळे मिटून ऐकत होती. पूर्ण संपल्यावर तिने डोळे उघडले.

"फुडे?"

फुडे मला येत नव्हतं. तारा, फेल्ट, दमट हवा, वादळवारा, सगळ्याचा मी विचार केला होता. ऐकवायचं म्हणजे कोणीतरी वाजवायला लागतं, हे एकतीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी परत तोच सूर वाजवला. तिला कळायला दोन क्षण लागले आणि मग ती जी हसायला लागली, की डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "म्हणजे घाटकोपरला ऐकलं असतं तर कोणीतरी वाजवणारी तरी होती."

"हो."

"आणि मुलुंडला पण होती."

"हो."

"बरं." तिने पदराने डोळे पुसले. "मग एकेकच वाजव. पण सगळे वाजव."

मी अगदी डावीकडून सुरुवात केली. एक पट्टी दाबायची, सूर विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. खालच्या जाड्या तारांना वेळ लागतो, त्या पंचवीस-तीस सेकंद घुमत राहतात. ती एकदाही कंटाळली नाही. कधी नुसती मान हलवायची, कधी म्हणायची, "हा परत." मधल्या सप्तकात एका सुराला म्हणाली, "हा असाच तुझा आवाज होता, लग्नाच्या वेळी." इतका सुखी मी त्याआधी कधी होतो, हे आठवायला मला वेळ लागेल.

वरच्या टोकाच्या पंधरा-सोळा पट्ट्या राहिल्या. मी एक दाबली आणि ती म्हणाली, "हा दोन आवाजांचा आहे."

"कुठे? ठीक आहे की."

"नाय रे. एक नीट येतो आणि एक मागून फरफटत येतो. परत वाजव."

परत वाजवली. मला ठक असा लाकडाचा आवाज आला. वरच्या पट्ट्यांना तसा येतोच. मी उठलो, पट्ट्या-हातोड्यांचं यंत्र जरासं बाहेर ओढलं, हातोडी तारांना टेकवली आणि नखाने एकेक छेडली.

"बघ. तिन्ही गप्प."

"मधली बोलली," शालन म्हणाली.

मी परत छेडली.

"बोलतेय की. किती बारीक, चिमणीच्या पिल्लासारखी. तुला येत नाय ऐकू?"

गप्प ती ठीक, बोलली ती बिघडलेली. बत्तीस वर्षं मी ह्या एका नियमावर काम केलं होतं. वरच्या सुरांपुरते माझे कान कधी गेले ते मला माहीत नाही. दोन वर्षं झाली असतील, पाच झाली असतील. वरचे सूर मी फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या काट्याकडे बघून लावत होतो आणि कानांना विश्रांती म्हणून असं करतो, असं स्वतःला सांगत होतो. कान गेल्यावर वरच्या सगळ्या तारा माझ्यासाठी गप्प झाल्या, आणि गप्प म्हणून मी त्या ठीक धरल्या. बोरिवलीची ती शाळा, पवईचे डॉक्टर, विक्रोळीचं चर्च, कुठे कुठे मी "पंगत बसली" म्हणून हात पुसून निघालो होतो? मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी तिथेच फरशीवर बसलो.

शालनने मला धीर वगैरे काही दिला नाही. तिने खुर्ची ओढून पियानोला लावली, पदर खोचला आणि आत कान घातला. "आकडा घे," ती म्हणाली. "मी सांगते."

मी हातोडी टेकवायची, तार छेडायची, आणि ती सांगायची. "ही गप्प. ही गप्प. ही बोलतेय." मी बाकीच्या दोघींना उचलायचो, फोनवर बघून सूर लावायचो, परत छेडायचो. "अजून बोलतेय, हळू बोलतेय. आता गप्प." कारखान्यात लेबल वाकडं लागलं की ती बाटली बाजूला काढायची, तशीच कडक होती ती इथेही. एक सूर तिने मला चार वेळा करायला लावला. संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकून गेलं तेव्हा आमचे सोळाच्या सोळा सूर झाले होते. त्यानंतर मी पियानोचं काम घेतलं नाही. ज्यांची नावं आठवली त्यांना फोन करून सांगितलं, की वरचं सप्तक दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. दोघांनी विचारलं का, तर खरं ते सांगितलं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी यंत्र आत सरकवलं आणि शालन पहिल्यांदाच पट्ट्यांसमोर स्टुलावर बसली. उजवं टोक गाठून तिने एका बोटाने शेवटची पट्टी दाबली, स्वतः ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आला?"

"हो."

"खोटं बोलू नको. आला?"

"नाही."

तिने बोट एक पट्टी खाली घेतलं. "हा?"

"नाही."

"हा?"

"नाही."

अशी ती एकेक पट्टी खाली येत गेली, मला घाई न करता, आणि मी दर वेळी नाही म्हणत गेलो. बरीच खाली आल्यावर एका पट्टीला ठक वाजलं आणि त्याच्यामागून, लांब कुठेतरी, अगदी बारीक, सूर आला.

"आला," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग आपण इथून ऐकू," ती म्हणाली, आणि तीच पट्टी तिने परत दाबली.